गरोदरपणातला ताण आणि बाळाची वेदना : रडण्यापेक्षा निवण्याकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मला सातवा महिना चालू आहे. गेल्या चार महिन्यांत घरात एकामागून एक अशा गोष्टी घडल्या की माझी झोपच उडाली. परवा वाचनात आलं, की गाभण उंदरिणींना ताण दिला तर त्यांच्या पिल्लांना दुखणं जास्त जाणवतं आणि त्यांना ताणही झेपत नाही. मी माझ्या बाळाचं नुकसान करून बसले का? आता काही करता येईल का? आणि हे बाळाच्या डॉक्टरांना सांगावं का?"

नुकसान करून बसलात का, तर नाही. परिणाम होतो का, तर होतो. पण माणसाच्या बाळांत तो सरासरीने लहान असतो, सगळ्यांत दिसत नाही, आणि दिसला तरी एकाच दिशेने दिसत नाही. नवजात बाळांच्या विभागात बावीस वर्षं काढल्यावर या सगळ्या संशोधनातली एक गोष्ट मला रोजच्या कामात उपयोगी पडते. बाळ किती जोरात रडलं यापेक्षा रडून झाल्यावर किती वेळात निवलं, ते बघायचं. गरोदरपणातल्या ताणाची खूण शोधायचीच झाली तर मी तिथे शोधते. आणि जन्मानंतर तुमच्या हातात जे काही उरतं, तेही तिथेच असतं.

तुम्ही वाचलेले प्रयोग खरे आहेत. सेंट पीटर्सबर्गच्या पावलॉव्ह शरीरक्रियाशास्त्र संस्थेत इरिना बुत्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पद्धत साधारण अशी : गाभण मादीला शेवटच्या आठवड्यात रोज काही वेळ अंग हलवता येणार नाही अशा अरुंद नळीत ठेवायचं. तिला इजा करायची नाही, फक्त कोंडायचं. पुढे तिच्या पिल्लाच्या मागच्या पंजाच्या तळव्यात फॉर्मलिन या जळजळ करणाऱ्या रसायनाचा अगदी छोटा थेंब टोचायचा आणि घड्याळ लावून बसायचं. पहिली काही मिनिटं पिल्लू पंजा झटकतं, चाटतं. मग थांबतं, जणू काही झालंच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी झटकणं-चाटणं पुन्हा सुरू होतं आणि बराच वेळ, कधी तासभर, चालतं.

मला यातला मधला शांत काळ सगळ्यात बोलका वाटतो. त्या वेळी पंजा काही बरा झालेला नसतो. मेंदूच्या खालच्या भागातून मज्जारज्जूकडे उतरणारे मज्जातंतू वर येणारी वेदना दाबून धरत असतात. ब्रेक लागलेला असतो म्हणा ना. ज्यांच्या आयांना ताण दिला होता, त्या पिल्लांना तो दुसरा टप्पा जड जातो. ब्रेक कमी पडतो. या ब्रेकमध्ये सेरोटोनिन हे रसायन मोठं काम करतं. तेच सेरोटोनिन गर्भाचा मेंदू घडत असताना मज्जातंतूंच्या वाढीलाही वळण देत असतं. म्हणून गाभण मादीला सेरोटोनिनवर चालणारी औषधं, बुस्पिरॉन किंवा फ्लुओक्सेटिन, दिली तेव्हा पिल्लांमधला हा फरक बराच कमी झाला, हे याच गटाने दाखवलं.

पण उंदराचं गणित माणसाला जसंच्या तसं लावायचं नाही. उंदरिणीचं गरोदरपण २१-२२ दिवसांचं. पिल्लू जन्मतं तेव्हा बरंच कच्चं असतं आणि हा उतरता ब्रेक नीट चालायला जन्मानंतर आणखी तीनेक आठवडे जातात. त्यामुळे तिचा शेवटचा आठवडा म्हणजे तुमचा नववा महिना नव्हे. शिवाय ताण दिलेली मादी विल्यानंतर आई म्हणूनही वेगळी वागू शकते. मग पिल्लांत दिसणारा फरक पोटातला की पोटाबाहेरचा, हे सांगायचं कसं?

यावर नव्वदच्या दशकात फ्रान्समध्ये स्तेफानिया माकारी यांच्या गटाने दोन सुरेख प्रयोग केले. १९९५ च्या प्रयोगात ताण दिलेल्या मादीची पिल्लं जन्मताच दुसऱ्या मादीच्या कुशीत दिली. एरवी अशी पिल्लं मोठी झाल्यावर त्यांना कोंडलं की ताणाचं हार्मोन वर जातं आणि लवकर खाली येत नाही. दुसऱ्या मादीकडे वाढलेल्या पिल्लांत ते वेळेवर खाली आलं. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात आईच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आधीच काढून टाकल्या, म्हणजे ताण आला तरी हार्मोन उसळणार नाही अशी व्यवस्था केली, तर पिल्लांवरचा परिणाम नाहीसा झाला. बाहेरून तेवढंच हार्मोन दिलं की तो परत आला. दोन्ही प्रयोग शेजारीशेजारी ठेवून वाचा. ताण हार्मोनच्या वाटेने पोटातल्या बाळापर्यंत पोचतो हे खरं, आणि जन्मानंतरच्या सांभाळाने गोष्ट बदलते हेही तितकंच खरं. घाबरवणारे लेख पहिलं सांगतात आणि दुसरं गाळतात.

आता तुमच्या शरीरात काय चालतं ते. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. काम झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूत परत जाऊन "पुरे" म्हणतं. हे "पुरे" ऐकणारे ग्राही (रिसेप्टर) मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात भरपूर असतात. ताण दिलेल्या उंदरिणींच्या पिल्लांत ते कमी भरतात. म्हणजे इथेही बिघाड ब्रेकचाच.

गरोदरपणात कॉर्टिसॉल तसंही वाढतं, शेवटच्या तिमाहीत नेहमीच्या दोन ते चार पट. बाळाची फुप्फुसं तयार व्हायला ते लागतंच, त्यामुळे त्याला विष समजू नका. आणि तुमच्या रक्तातलं सगळं कॉर्टिसॉल बाळाकडे जात नाही, कारण मध्ये वार असते. वारेतलं एक एन्झाइम त्याचा मोठा हिस्सा निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलून टाकतं. म्हणून बाळाच्या रक्तातली पातळी आईच्यापेक्षा पुष्कळच खाली राहते. हा राखणदार उपासमारीने आणि दीर्घ ताणाने ढिला पडतो, याचे पुरावे प्राण्यांत चांगले आहेत, माणसांत थोडे.

हा राखणदार ताणाशिवायही झोपवता येतो, ज्येष्ठमधाने! त्यातलं ग्लिसिरायझिन नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या आवडीने खाल्ल्या जातात. तिथे गरोदरपणात त्या खूप खाणाऱ्या बायकांची मुलं ८ वर्षांची झाल्यावर तपासली, तर त्यांचं कॉर्टिसॉल इतर मुलांपेक्षा वर होतं. त्या बायकांना जास्त ताण होता असं कोणी म्हटलेलं नाही. तेव्हा खोकल्यावर ज्येष्ठमध रोज चघळत असाल तर थांबवा. बाकी, मनातला ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल यांची सांगड फारच सैल आहे. गरोदरपणाच्या शेवटी तर आईच्या ताणयंत्रणेची धार आपोआप बोथट होते. जितक्या रात्री रडले तितके डोस बाळाला गेले, असा हिशोब मांडत बसू नका.

माणसाच्या बाळाला प्रयोगासाठी मुद्दाम दुखवता येत नाही. म्हणून संशोधक टाचेची टोचणी पकडतात, जी जन्मानंतरच्या रक्ततपासणीसाठी करावीच लागते. हे दृश्य मी हजारो वेळा पाहिलं आहे. टाच धरली, लॅन्सेट टेकवलं, टिक. क्षणभर काहीच नाही. मग भुवयांच्या मध्ये फुगवटा येतो, डोळे गच्च मिटतात, नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंत घडी पडते, तोंड उघडतं, आणि आवाज त्याच्यानंतर येतो. नव्या परिचारिका आवाजाकडे बघतात. जुन्या परिचारिका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. पहिल्या किंकाळीवरून मला बाळाबाळांत फरक करता येत नाही. पट्टी लावून झाल्यावरच्या पाच मिनिटांवरून येतो. एक बाळ दोन हुंदके देऊन मूठ तोंडात घालतं. दुसरं निवतंय असं वाटेपर्यंत पुन्हा उसळतं, तिसऱ्यांदा उसळतं, हनुवटी थरथरत राहते.

कॅलिफोर्नियात ११६ आई-बाळांवर झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच टाचेवर बेतलेला होता. गरोदरपणात आयांचं कॉर्टिसॉल अनेकदा मोजलं, ताणाबद्दल विचारलं, आणि जन्मानंतर एका दिवसाने बाळाची टाच टोचतानाचा प्रतिसाद नोंदवला. दुसऱ्या तिमाहीच्या शेवटी आणि तिसऱ्या तिमाहीत ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त, त्यांच्या बाळांचं कॉर्टिसॉल टोचल्यावर जास्त वाढलं. आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त होतं किंवा ज्यांनी गरोदरपणात जास्त मानसिक ताण सांगितला होता, त्यांची बाळं शांत व्हायला जास्त वेळ घेत होती. उंदराच्या पंजापासून बाळाच्या टाचेपर्यंत अंतर फार मोठं आहे, पण सूर जुळतो.

इथेच थांबले असते तर गोष्ट छान बसली असती. पण त्याच वर्षी नेदरलँड्समधून आलेला एक अभ्यास सांगतो, की गरोदरपणात जास्त भीती आणि ताण असलेल्या आयांची बाळं पाच आठवड्यांची असताना अंघोळीला जास्त कॉर्टिसॉल सोडत होती, आणि दोन महिन्यांची झाल्यावर लस टोचताना उलट कमी. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी जवळपास असलेल्या ज्या गरोदर बायकांना नंतर आघातोत्तर ताणविकार जडला, त्यांच्या बाळांचं कॉर्टिसॉल कमी आढळलं. तेव्हा जास्त म्हणजे बिघडलेलं आणि कमी म्हणजे ठणठणीत, असा सरळ हिशोब नाही.

चेहऱ्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. २०१७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी टाच टोचताना बाळांच्या मेंदूतली विद्युत हालचाल आणि चेहरा दोन्ही नोंदवलं. जी बाळं त्या वेळी आधीच ताणात होती, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद मोठा होता, चेहरा मात्र त्या मानाने बोलत नव्हता. हा ताण पोटातला नव्हे, त्या वेळचा. तरी धडा आमच्यासाठी मोठा आहे. "किती गुणी बाळ, रडलंसुद्धा नाही" असं कौतुक झालं की मी थोडी सावध होते.

आणि आमच्या पेशाबद्दल एक कबुली इथेच देते. आईच्या ताणावर बोट ठेवणाऱ्या वैद्यकाने १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशा वेदनाशामकाशिवाय केल्या, "त्यांना फारसं कळत नाही" म्हणून. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाने दाखवलं, की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ताणाची हार्मोनं कमी उसळतात आणि गुंतागुंतही कमी होते. १९९७ मध्ये कॅनडातल्या अ‍ॅना टॅडियो यांनी दाखवलं, की जन्मल्यावर वेदनाशामकाशिवाय सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना जास्त दुखावतात. बाळाच्या वेदनायंत्रणेला घडवणारे हात फक्त आईचे नसतात, आमचेही असतात. खापर तेवढं तिच्याच डोक्यावर फोडायची सवय आहे.

धोका किती, हेही विचारलंच पाहिजे. ब्रिस्टलच्या परिसरातल्या हजारो कुटुंबांच्या अभ्यासात, गरोदरपणाच्या शेवटी सर्वाधिक चिंता असलेल्या १५ टक्के आयांच्या मुलांत चौथ्या वर्षी भावनिक आणि वागणुकीच्या अडचणींचा धोका साधारण दुप्पट होता. दुप्पट हा शब्द भिववतो. पण मूळ धोकाच लहान होता, त्यामुळे त्या १५ टक्क्यांतल्याही बहुसंख्य मुलांना काही झालं नव्हतं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा वेगळा काढावा लागतो, कारण चिंताळू आईचं बाळ तिची जनुकंही घेतं. ब्रिटनमध्ये हे दान केलेल्या बीजांडातून झालेल्या मुलांवर तपासलं, जिथे आईचं पोट आहे पण तिची जनुकं नाहीत. तिथे ताणाचा आणि मुलाच्या आक्रमक वागण्याचा संबंध टिकला, लक्ष आणि चंचलतेचा टिकला नाही. आणि अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी, सुस्थितीतल्या बायकांची गरोदरपणातली सौम्य ते मध्यम चिंता दोन वर्षांच्या मुलांच्या थोड्या पुढच्याच विकासाशी जोडलेली निघाली. थोडा ताण म्हणजे संकट नव्हे.

"जनुकांवर कायमचा शिक्का बसतो" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. कॅनडातल्या २००८ च्या एका अभ्यासात तिसऱ्या तिमाहीत उदास आणि चिंतेत असलेल्या आयांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात, कॉर्टिसॉलच्या ग्राहीच्या जनुकावर मेथिलच्या खुणा, म्हणजे जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा, जास्त सापडल्या हे खरं. पण माँट्रियलमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत त्याच जनुकावरच्या खुणा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात आई पिल्लाला किती चाटते यावर बदलतात, आणि पिल्लं अदलाबदल केली की खुणाही सांभाळणाऱ्या आईप्रमाणे पडतात. जी खूण सांभाळाने बदलते तिला शिक्का कसं म्हणायचं?

तर आता काय करायचं. "ताण घेऊ नकोस" हा सल्ला देणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. तो ताणावरचा जादा ताण आहे. झोप गेली, सकाळी उठावंसं वाटत नाही, विचार थांबत नाहीत, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं असेल तर ते आजाराच्या हद्दीत येतं आणि त्यावर उपचार आहेत. एडिंबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची एक साधी चाचणी आहे. नाव प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं असलं तरी गरोदरपणातही वापरतात. पुढच्या तपासणीला तुमच्या डॉक्टरांकडे ती मागा. स्वतःला इजा करावी असा विचार मनात येत असेल, किंवा ताणाचं मूळ म्हणजे घरात कोणी हात उगारत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, आजच सांगा.

नैराश्यावरची गोळी चालू असेल तर हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका. अशा काही औषधांवरच्या आयांच्या बाळांचा चेहरा टाच टोचताना कमी बोलतो, हे व्हँकुव्हरच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्याचा अर्थ आम्ही लक्ष जास्त द्यायचं, तुम्ही औषध सोडायचं नाही. तसंच, मुदतीआधी कळा सुरू झाल्या आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर "हे कॉर्टिसॉलसारखंच ना?" म्हणून नाकारू नका. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमधून दाखवल्यापासून या इंजेक्शनाने असंख्य बाळं वाचली आहेत.

बाळ जन्मल्यावर तुमचं काम सोपं आहे आणि त्याला कौशल्य लागत नाही. टाच टोचायच्या आधी बाळाला फक्त लंगोटावर, तुमच्या उघड्या छातीवर दहा-पंधरा मिनिटं आडवं घ्या आणि टोचणी तिथेच करू द्या. २००० मधल्या एका प्रयोगात असं धरलेल्या बाळांचं रडणं पाळण्यातल्या बाळांपेक्षा ८२ टक्क्यांनी आणि तोंड वेडंवाकडं होणं ६५ टक्क्यांनी कमी होतं. अंगावर पाजत असताना टोचलं तरी चांगलं. आणि हात फिरवायचा तो भराभर चोळत नव्हे. ऑक्सफर्डमध्ये मऊ ब्रशने मोजून पाहिलं : सेकंदाला ३ सेंटिमीटर वेगाने फिरवलं तर बाळाच्या मेंदूतला वेदनेचा प्रतिसाद कमी होतो, ३० सेंटिमीटर वेगाने होत नाही. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हात यायला तीन-चार सेकंद लागावेत, इतका सावकाश. बहुतेक आया न शिकवता याच वेगाने हात फिरवतात. घाईत असतो तो बाळाला गप्प करू पाहणारा माणूस. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या अंगावरून वारंवार हात फिरवणाऱ्या आयांमध्ये गरोदरपणातल्या नैराश्याचा आणि बाळाच्या पुढच्या प्रतिसादांचा संबंध सैल पडलेला दिसला.

तुमचं बाळ निवायला वेळ घेणारं निघालंच, तर पहिल्या महिन्यांत दिव्यांचा उजेड, हातोहात फिरवणं, एका दिवसात तीन तपासण्या हे कमी करा, आणि एक वेदना संपून ते पूर्ण निवेपर्यंत दुसरी सुरू होऊ देऊ नका. एकाच दिवशी दोन लसी असतील तर मधली मिनिटं मागून घ्या. डॉक्टरांना घाई असते, तरी मागा.

राहिला शेवटचा प्रश्न. हो, बाळाच्या डॉक्टरांना सांगा. घरात काय घडलं त्याचा तपशील द्यायची गरज नाही. "गरोदरपणात बरेच महिने खूप ताण होता, झोप नव्हती, अमुक औषध चालू आहे किंवा नाही, आणि टोचताना बाळ माझ्या छातीवर हवं आहे" एवढं पुरे. प्रसूतीच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवायला सांगा, कारण टाच टोचायला येणारी व्यक्ती बहुतेक वेळा पहाटे येते आणि तुम्ही तेव्हा झोपेत असता.